'काही नाही, धसका घेतलाय'

१० जुलै २०२४. सकाळचे सात वाजून चौदा मिनिटं. मी हिंगोलीत घरी चहा घेत बसलो होतो. आधी मांडणीवरचे पेले वाजले, मग पायाखालची फरशी हलली आणि गल्लीतून एकच ओरड झाली, "बाहेर या, बाहेर या!" ४.५ तीव्रतेचा धक्का. केंद्र आपल्याच कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याजवळ. त्याआधी २१ मार्चला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी तेवढाच एक धक्का बसला होता आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, त्या दिवशी तुम्हीही अंगणात उभे होतात.

पण आज मला भूकंपाबद्दल लिहायचं नाहीये. भूकंपानंतर माझ्या शरीरात काय झालं आणि एकतीस वर्षांपूर्वी माझ्या आजीच्या शरीरात काय झालं होतं, ते लिहायचंय. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या छातीत कधी विनाकारण धडधडलंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

ऑगस्टमधली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला आणि मांडणीवरचे पेले पुन्हा वाजले. मी ताडकन उठून बसलो. ट्रक आहे हे कळलं होतं, तरी छाती थांबेना. बनियनवरून दिसावी अशी धडधड. दरदरून घाम. हाताच्या बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, कितीही श्वास घेतला तरी पुरेना. डोक्यात एकच वाक्य होतं, 'गेलो आता.' बायकोने शेजारच्या पोराला उठवलं, त्याने मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. नॉर्मल. "काही नाही. गॅस असेल. टेन्शन घेऊ नका." एक इंजेक्शन, दोन गोळ्या आणि घरी.

दोन महिन्यांत असं चार वेळा झालं. चार वेळा ईसीजी, एकदा टू-डी इको, दोनदा रक्त. दरवेळी उत्तर तेच, 'काही नाही'. दवाखान्यांची नावं घेत नाही, कारण दोष एकट्या कुणाचा नाही, सगळीकडे हीच रीत आहे.

आता या 'काही नाही'ने माझं काय झालं ते सांगतो. सकाळी चालायला जायचो, ते बंद केलं. चाललं की छाती धडधडायची आणि धडधडलं की वाटायचं, पुन्हा सुरू झालं. वरच्या मजल्यावर झोपणं बंद केलं. बसमध्ये खिडकीजवळच बसायचं, नाहीतर उतरायचं. रात्री झोप नाही, म्हणून दिवसा पाच-सहा कप चहा. पोट बिघडलेलं. चार महिन्यांत सहा किलो वजन वाढलं आणि कधी नव्हे तो बीपी वर गेला. म्हणजे बघा, हृदय ठणठणीत असलेला माणूस हृदयाच्या भीतीने खरंच आजाराच्या वाटेला लागला होता.

शेवटी एका डॉक्टरांनी सगळे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "हे सुरू कधी झालं?" मी म्हणालो, ट्रक गेला तेव्हा. ते म्हणाले, "ट्रकच्या आधी काय झालं होतं?" मी गप्प झालो. मग त्यांनी नाव सांगितलं. पॅनिक अटॅक. त्यांनी दहा मिनिटं बोलून जे केलं ते आधीच्या चार इंजेक्शनांनी झालं नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना मला आजी आठवली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही नोंदींत आकडा त्याहून मोठा आहे. बहुतेक जण दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली सापडले. आपली हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या गावात घर पडलं नाही, माणूस दगावला नाही. पण घर आमचंही माळवदाचंच होतं. दुपारपर्यंत रेडिओवरून बातम्या आल्या आणि आजीने वर पाहिलं. त्या मातीच्या छताकडे ती किती वेळ बघत होती, ते मला अजून दिसतं.

त्या रात्रीपासून ती घरात झोपली नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी अंगणात बाजेवरच. आणि रोज पहाटे चारच्या सुमारास उठून बसायची. छातीवर हात दाबून म्हणायची, "माय, महं काळीज निसटल्यावानी होतंय गं." हातपाय गार. घाम. पाणी दिलं तर पेला हातात थरथरायचा. घटकाभराने शांत व्हायची. गावातल्या शहाण्या माणसांनी निदान केलं, "काही नाही, म्हातारीनं धसका घेतलाय." कुणी म्हणालं बाहेरचं आहे. उतारा झाला, लिंबू झालं, गंडा झाला. डॉक्टर कुणालाच सुचला नाही. ती पुढे बरीच वर्षं जगली, पण जत्रेला गेली नाही, लेकीकडे गेली नाही, जेवण निम्म्यावर आलं. मृतांच्या यादीत तिचं नाव नाही आणि जखमींच्या यादीतही नाही. तरी त्या भूकंपाने तिच्यातलं बरंच काही नेलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. हा आजार माझ्या आजीइतका किंवा तिच्या आजीइतकाही नवा नाही. आपल्या भाषेकडेच बघा. छातीत धस्स होणे, काळजाचं पाणी होणे, पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, घाम फुटणे, तोंडचं पाणी पळणे, बोबडी वळणे, अंगावर काटा येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे. एकेक वाक्प्रचार लिहून काढा आणि मग डॉक्टरांच्या पुस्तकातली पॅनिक अटॅकची लक्षणं शेजारी ठेवा. जवळपास तीच यादी आहे. भीती शरीरात घडते हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. 'पाचावर धारण बसली' असं आपण म्हणतो. धारण म्हणजे धान्याचा भाव, रुपयाला पाचच शेर मिळेल इतकी महागाई झाली की जी गाळण उडते ती, अशी त्याची फोड करतात. दुष्काळी मुलखाला भीतीचं मोजमापही धान्याच्या मापातच सुचलं.

भाषेला जे माहीत होतं, ते वैद्यकशास्त्राला मान्य करायला मात्र शंभर वर्षं लागली.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात जेकब मेंडेस दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांकडे तरुण सैनिक येत. छातीत धडधड, दुखणं, दम लागणं, चक्कर. तपासलं तर हृदयात दोष सापडेना. ३०० हून अधिक सैनिकांचा अभ्यास करून त्यांनी १८७१ साली निबंध छापला आणि या दुखण्याला 'चिडखोर हृदय' असं नाव दिलं. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात हेच दुखणं हजारोंनी दिसलं. तेव्हा त्याला 'सैनिकाचं हृदय' म्हणू लागले. थॉमस लुईस या हृदयतज्ज्ञांनी १९१८ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. सगळे शोधत होते हृदयात. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४१ मध्ये, पॉल वुड यांनी स्पष्ट मांडलं की या दुखण्याचं मूळ हृदयात नसून भीतीत आहे.

मग न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन. त्यांच्या वॉर्डात काही रुग्ण दिवसातून कैकदा परिचारिकांच्या टेबलाकडे पळत यायचे, "मी मरतोय" म्हणायचे आणि थोड्या वेळाने शांत व्हायचे. इमिप्रामिन नावाचं औषध काही आठवडे दिल्यावर रुग्ण म्हणायचे, काही फरक नाही. पण वॉर्डातल्या लोकांच्या लक्षात आलं की हे पळत येणं थांबलंय. १९६४ मध्ये क्लाइन यांनी मांडलं की अशी अचानक उसळणारी भीती आणि नेहमीची चिंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत 'पॅनिक डिसऑर्डर' हे नाव स्वतंत्रपणे आलं. दा कोस्टांच्या निबंधापासून मोजलं तर १०९ वर्षं. माझ्या आजीने धसका घेतला तेव्हा या नावाला जेमतेम तेरा वर्षं झाली होती. आमच्या गावापर्यंत ते कुठून पोहोचणार!

आता शरीरात नेमकं काय होतं ते साध्या शब्दांत. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन मांजरांच्या पोटाचे एक्स-रे बघत होते. मांजर घाबरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हे त्यांना दिसलं. तिथून त्यांनी अ‍ॅड्रेनलिनचा माग काढला. १९१५ च्या त्यांच्या पुस्तकाचं सार असं की संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. हृदय जोरात चालतं, रक्त स्नायूंकडे जातं, पचन थांबतं, घाम येतो. पोटात गोळा येतो तो इथून.

वाघ समोर असेल तर ही तयारी जीव वाचवते. पण माझ्यासमोर वाघ नव्हता, पेले वाजले होते. पळायचं कुठे? श्वास मात्र पळायच्या बेताने जोरजोरात चालू होता. जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात, चक्कर येते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. म्हणजे 'श्वास पुरत नाही' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा श्वास जास्त झालेला असतो. त्या मुंग्यांना आपण 'अटॅक आला' समजतो, आणखी घाबरतो, आणखी अ‍ॅड्रेनलिन. १९८६ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड क्लार्क यांनी हे चक्र नीट मांडलं. शरीराच्या निरुपद्रवी खुणेचा अर्थ मरण असा लावला की भीती वाढते आणि भीती वाढली की खुणा वाढतात. साधारण दहा मिनिटांत लाट टोकाला जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. निरोगी हृदयाचा माणूस या लाटेने मरत नाही.

मग शरीराला काहीच धोका नाही का? आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे.

पहिला धोका लाट ओसरल्यानंतरचा. झोप जाते, पोट बिघडतं, मान-पाठ आखडते. माणूस चालणं सोडतो, प्रवास सोडतो, माणसांत जाणं सोडतो. कुणी तंबाखू वाढवतो, कुणी संध्याकाळी 'थोडीशी' घ्यायला लागतो. कुणी मेडिकलवरून अल्प्राझोलामसारखी गोळी आणतो आणि मग तिच्याशिवाय झोपच येत नाही. वर्षानुवर्षं पॅनिकचा त्रास असणाऱ्यांत पुढे हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसतं, असं अनेक अभ्यासांत आढळलंय. भीतीचा त्यात थेट वाटा किती आणि बदललेल्या राहणीचा किती, यावर शास्त्रज्ञांत चर्चा आहे. पण राहणी बिघडते हे मी स्वतःवर पाहिलंय.

दुसरा धोका ज्यांचं हृदय आधीच आजारी आहे त्यांना. २४ फेब्रुवारी १९८१ ला ग्रीसमध्ये अथेन्सजवळ भूकंप झाला, त्यानंतरच्या दिवसांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचं तिथल्या संशोधकांनी दाखवलं. १७ जानेवारी १९९४ ला, किल्लारीनंतर चार महिन्यांच्या आतच, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला पहाटे भूकंप झाला. त्याआधीच्या आठवड्यात त्या भागात हृदयाच्या आजाराने अचानक होणारे मृत्यू दिवसाला सरासरी ४.६ होते. भूकंपाच्या एका दिवशी ते २४ झाले. जपानमध्ये २००४ च्या निगाता भूकंपानंतर, धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता फुगून दुबळा होणारा ताकोत्सुबो नावाचा आजार वाढलेला दिसला, विशेषतः वयस्क बायकांत. त्यामुळे माझी पोस्ट वाचून कुणी छातीत दुखत असताना "हे पॅनिकच आहे" म्हणून घरी बसू नका. पहिल्यांदा होत असेल, वय जास्त असेल, बीपी-शुगर असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर आधी दवाखाना, आधी ईसीजी. थायरॉइड आणि रक्ताची कमतरता यांनीही धडधड होते, तेही तपासून घ्या. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका, दुखणं खरोखर हृदयाचं निघालं तर तो अंगाशी येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ईसीजी नॉर्मल आल्यावर 'काही नाही' म्हणू नका. हृदय ठीक आहे ही चांगली बातमी आहे, पण ती अर्धीच बातमी आहे. उरलेली अर्धी कुणीतरी सांगायला हवी. याला नाव आहे, याची कारणं माहीत आहेत आणि याच्यावर इलाज आहे. बोलण्याचे उपचार आहेत, सवय न लावणारी औषधं आहेत. मला दोन्हींचा उपयोग झाला. श्वास सोडताना सावकाश सोडायचा आणि लाट आली तर पळायचं नाही, बसून राहायचं, हे शिकायला मला तीन महिने लागले. आता पुन्हा चालायला जातो. धडधडतं, पण चालतो.

आता सार्वजनिक मुद्दा.

किल्लारीनंतर सरकारने ५२ गावं नव्या जागी वसवली. भूकंपाला टिकतील अशी घरं बांधली. त्या कामाची आठवण जगभर काढतात आणि ते योग्यच आहे. पण घाबरलेली माणसं फक्त त्या ५२ गावांत नव्हती. आमच्यासारख्या, एकही घर न पडलेल्या गावांतल्या अंगणातही ती बाजेवर बसली होती. त्यांची मोजणी झालीच नाही. १९८४ च्या भोपाळ वायू दुर्घटनेनंतर तिथल्या साध्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना मनाचे आजार ओळखायला शिकवलं गेलं होतं. म्हणजे देशाला धडा माहीत होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आहे, जिल्हा पातळीवरचा १९९६ पासूनचा. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, त्यात हिंगोली आहे. कागद आपल्याकडे कमी नाहीत.

आणि गरज? वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरातल्या लोकांना विचारा. कित्येक वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, रात्री-बेरात्री माणसं घराबाहेर येतात. शास्त्रज्ञ येतात, यंत्रं लागतात, जमिनीची नाडी बघितली जाते. माणसांची नाडी कोण बघतं? त्या गावांतली किती पोरं आवाज आला की रडत उठतात, किती म्हाताऱ्या पहाटे छातीवर हात ठेवून बसतात, हे कुणी विचारलंय का?

मागणी फार मोठी नाही. पुढचा धक्का बसेल तेव्हा तहसीलदार पडझडीचा पंचनामा करतीलच. त्याच आठवड्यात आरोग्य विभागाने प्राथमिक आरोग्य केंद्रात एक दिवस भीतीसाठी ठेवावा. आशाताईंना चार प्रश्न द्यावेत. झोप लागते का, छातीत धडधडतं का, घरात जायची भीती वाटते का, जेवण जातं का. ज्यांचं उत्तर वाईट येईल त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवावं. ग्रामसभेत हा ठराव मांडता येतो. मी माझ्या गावी मांडणार आहे, तुम्ही तुमच्या गावी मांडा. तोपर्यंत केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने एक आवाहन केलं होतं. ज्यांच्या घरावर टिनपत्रे आहेत आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवलेत, त्यांनी ते दगड खाली काढून घ्यावेत. साधं, शहाणपणाचं आवाहन. आमच्या आळीतही त्या दिवशी लोक शिडी लावून पत्र्यांवर चढले.

माझ्या आजीच्या छातीवरचा दगड मात्र कुणी उतरवला नाही, कारण 'काही नाही' म्हटल्यावर तो कुणाला दिसलाच नाही. तुमच्या घरात पहाटे चारला कुणी उठून बसत असेल, तर एवढं करा. 'काही नाही' म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, "कधीपासून होतंय?"